लबाड

अपघातात धाकट्याचं मानेखालचं सगळं शरीर लुळं पडलं, तेव्हा ताईनं खटपट करून त्याला हनुवटीनं चालणारं बटण जोडून दिलं. ते फक्त लिनक्स नावाच्या सिस्टिमवर नीट चालायचं, म्हणून त्याच्या कॉम्प्युटरवरचं विंडोज काढून तिनं लिनक्स टाकलं. त्यावर तो गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळायचा आणि भल्याभल्यांना पाणी पाजायचा. आज मात्र गेम उघडेना. पडद्यावर आलं, 'लबाडी केल्यामुळे तुमचं खातं बंद करण्यात आलं आहे.'

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं गेमच्या कंपनीला फोन लावला.

"लिनक्सवर लबाडी पकडता येत नाही मॅडम, म्हणून तिथले सगळेच खेळाडू बंद केलेत," पलीकडचा माणूस म्हणाला.

"तुम्हाला पकडता येत नाही म्हणून सरसकट सगळे चोर? अहो, माझ्या भावाला साधं बोट हलवता येत नाही. तो काय डोंबलाची लबाडी करणार?"

"ताई, ठेव तो फोन," मागून धाकटा म्हणाला. तो चक्क हसत होता. "जो येतो तो मला बिचारा म्हणून जातो. लबाड म्हणणारा आज पहिल्यांदाच भेटला."