पाच पोती दाणे

कोल्हापूर, मार्च २००३. प्लॅस्टिकचा कारखाना. दुपारी दोनला शिफ्ट बदलते. ऑपरेटर गैबीच्या डब्यात झुणका. दाणे ओढणाऱ्या लोडरच्या कंट्रोलरवर लाल दिवा: माल नाही.

दिवा दोनच्या आत विझला नाही तर उद्यापासून येऊ नको, असं मालकांनी मिस्त्री वीरेशला बजावलं होतं. त्यानं पाइप झाडला, फिल्टर पुसला, सेन्सर बदलला. लोडरनं पाचवं पोतं मशीनवरच्या टाकीत, हॉपरमध्ये, ओढून घेतलं. दिवा लालच.

“मिस्त्री, खालचं मशीन तर बंद हाय. मग प्लॅस्टिकचं दाणं जात्यात कुठं?” गैबीनं विचारलं.

“तुझ्या डोंबलात!”

चिडून वीरेशनं हॉपरचं झाकण काढलं. आत काळोख. हात खांद्यापर्यंत गेला, तरी तळ लागेना.

कुणीतरी त्याच्या तळहातावर एक दाणा ठेवला. मग हळूच त्याची बोटं मिटवली.

त्याच दिवशी सकाळी वीरेशनंच मोजला तेव्हा हॉपर दीड फूट खोल होता.