साधी गाठ

डॉक्टर कुलथ्यांनी स्कॅनवर बोट ठेवलं. "गाठ साधीच आहे, काकू. कॅन्सरबिन्सर काही नाही. पण मेंदूतल्या पाण्याची वाट अडवून बसलीय. वाट पुरती बंद झाली, तर झोपेतच जीव जाईल."

"अडून बसायचा स्वभावच आहे त्यांचा," कुमुदताई म्हणाल्या.

गेलेल्या माणसाचा आवाज, आठवणी आणि दुर्दैवानं स्वभावही एका इवल्या गाठीत भरून जोडीदाराच्या मेंदूत ठेवायची सोय निघाली, तेव्हा लोकांनी पेढे वाटले होते. कुमुदताईंचे यजमान त्र्यंबकराव वारले, तेव्हापासून ते तिथूनच आमटीत मीठ कमी असल्याचं कळवत. बोलण्यानं गाठ वाढते, हे उशिरा कळलं. आणि गप्प बसणं त्र्यंबकरावांना जिवंतपणीही जमलं नव्हतं.

"गाठ काढायची तर कायद्यानं आतल्या माणसाची संमती लागते," डॉक्टर म्हणाले. "विचारा त्यांना."

कुमुदताईंनी डोळे मिटून विचारलं.

"मुळीच नाही!" त्र्यंबकराव आतून गरजले. "डोकं दुखतंय ना? सुंठ उगाळून लाव."

"आणि मी मेले तर?"

"तुझं आपलं काहीतरीच."

उभ्या संसारात कुमुदताईंना कुणी काही विचारलं, की उत्तर त्र्यंबकरावच देत. "तिची काही हरकत नाही," म्हणत.

"काय म्हणाले?" डॉक्टरांनी विचारलं.

कुमुदताईंनी डोळे उघडले. "त्यांची काही हरकत नाही."

भूल चढू लागली तरी त्र्यंबकराव ओरडतच होते. मग त्यांचा आवाज एकदम बारीक झाला.

"कुमुद," त्यांनी विचारलं, "अगं, पण मी जाऊ कुठं?"