तारखेसकट

"सर, पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळा," डॉक्टर मिरजगावकर म्हणाले, आणि साठ वैद्यकीय विद्यार्थ्यांसमोर मी ती गुंडाळली. माझ्या पोटऱ्या तालमीतल्या मल्लासारख्या फुगलेल्या होत्या; मला मात्र खुर्चीतून आधाराशिवाय उठता येत नव्हते.

"थायरॉईड मंदावल्याने स्नायू असे फुगतात आणि दुबळे होतात. प्रौढांत हे दुर्मीळ," ते सांगत होते. एका विद्यार्थ्याने पोटरी दाबून पाहिली आणि बोट रुमालाला पुसले. मला त्याची नव्हे, डॉक्टरांच्या प्रसन्न चेहऱ्याची किळस आली. दोन वर्षे हेच गृहस्थ याच पोटऱ्यांवर थाप मारून म्हणत होते, "पैलवान, तुम्हाला कसला आजार? आळस झटका, जिने चढा!" मी आज्ञाधारकपणे चढलो आणि ग्रंथालयाच्या जिन्यावर कोसळलो. तेव्हा कुठे त्यांना रक्त तपासण्याची बुद्धी झाली.

व्याख्यान संपल्यावर त्यांनी आपला शोधनिबंध आणि माझे संमतिपत्र पुढे केले. निबंधात माझ्या पोटऱ्यांचे छायाचित्र होते. खाली लिहिले होते, 'पहिल्याच भेटीत निदान झाले.'

शिलालेखांतल्या बनावट तारखा उघड करण्यात माझे आयुष्य गेले आहे. आखडलेल्या बोटांनी मी ते वाक्य खोडले आणि वर लिहिले, 'दोन वर्षांनी, रुग्ण कोसळल्यावर.'

"अहो सर, हे असं कसं छापायचं?"

"पोटऱ्या हव्या असतील, तर तारखेसकट घ्या," मी म्हणालो. संमतिपत्रावरची सहीची जागा कोरीच ठेवून मी गुंडाळलेली पँट सावकाश घोट्यापर्यंत उलगडली.