बेलभंडारा

खंडोबासमोर सरपंचानं शपथेचा बेलभंडारा उचलला आणि सगळ्या गावादेखत म्हणाला, "पारूच्या नवऱ्याला माझ्या ट्रॅक्टरनं उडवलं नाही."

रखमाजी गुरवाच्या अंगावर काटा आला. अपघात त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. इथं खोटं बोलताना भल्याभल्यांची बोबडी वळायची. सरपंच मात्र हसत होता.

"गुरवबाबा, तुम्ही तिथंच होता ना? आता तुम्ही उचला," म्हणत तो जवळ आला आणि कानाशी पुटपुटला, "सूनबाई शेतावर एकट्याच जातात म्हणे."

रखमाजीनं देवाकडे पाहिलं, मग सरपंचाकडे. शेवटी त्यानं भंडारा उचलला. "ट्रॅक्टर सरपंचाचा नव्हता."

विधवा पारू पुढे आली आणि त्याच्या पायांवर डोकं टेकून म्हणाली, "तुम्ही सांगितलंत, म्हणजे खरंच असणार, बाबा."

पाय मागे घ्यायचाही त्याला धीर झाला नाही.