बिद्रीची झुंबरबाई

“ही झुंबरबाई जिवंत आहे?” तोंडी परीक्षेत उदयसिंह सरांनी चष्मा काढून विचारलं.

“व्हय सर. ठणठणीत हाय.” एरवी पुस्तकी बोलणारी निशिगंधा घाबरली की तिची भाषा आपोआप गावाकडं जायची.

“तुम्ही स्वतः भेटलात?”

“भेटले की.”

सरांनी तिचा लघुप्रबंध मिटला. ‘गुऱ्हाळावरची बायकांची गाणी’. “मग मलाही भेटवा. रविवारी बिद्रीला येतो. तोवर सही नाही.”

गुऱ्हाळावरच्या गाण्यांत सरांचा शब्द शेवटचा. त्यांचा स्वतःचा जाडजूड प्रबंध विद्यापीठानं कधीतरी स्कॅन करून इंटरनेटवर टाकला होता; मूळ प्रत विभागाच्या कपाटात होती. कपाटाची किल्ली हरवून बरीच वर्षं झाली होती आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती.

निशिगंधानं झुंबरबाईला जन्मात पाहिलं नव्हतं. तिनं एआयला सांगितलं होतं, बिद्रीकडच्या गाण्यांवर प्रकरण लिही, गाणारणीचं नाव घाल. त्यानं नाव घातलं, गाणी घातली. गाणी इतकी गोड होती की पडताळून बघणं तिला अपमानाचं वाटलं.

आता वर्ष गेलं तर आण्णा, म्हणजे तिचे वडील, गडहिंग्लजचं स्थळ पक्कं करणार होते. ती रडत बसली नाही. थेट शाहूपुरीत शालूआत्याकडं गेली. गल्लीच्या गणपतीत आत्यानं राणीपासून चेटकिणीपर्यंत सगळी कामं केली होती.

“म्हंजे मास्तरला फसवायचं?” आत्यानं विचारलं.

“न्हाय आत्या. नाटक करायचं.”

“मग आधी सांगायचं की! लुगडं कंचं नेसू?”

तालीम जोरात झाली. आत्या चपात्या लाटताना गाई, भांडी घासताना गाई. चुकली की निशिगंधा पहिल्यापासून घ्यायला लावी.

“एवढा घाम त्या प्रबंधावर गाळला असतास तर, भवाने...”

“ओवी म्हण, आत्या.”

रविवारी बिद्रीत, मामाच्या घरामागच्या परड्यात आत्या डोक्यावर पदर घेऊन बसली. मामाला कामाच्या निमित्तानं बाहेर धाडलं होतं. सर एकटेच आले. झुंबरबाईकडं ते बराच वेळ नुसते बघत राहिले.

“पावणं, च्या घ्या.”

“आधी गाणं.”

आत्यानं डोळे मिटले.

“काहिलीत रस कढं, गूळ काही होईना,
बंधूची गाडी दिसं, घराकडं येईना...”

आणि गाडी तिथंच थांबली. पुढचं आठवेना. आत्या आभाळाकडं बघायला लागली, निशिगंधा आत्याकडं. इतक्यात सर स्वतःच पुटपुटले,

“चुलवाणाच्या जाळाला चिपाडं पुरंनात,
माहेरच्या आठवणी पदरात मावंनात.”

निशिगंधाचा जीव भांड्यात पडला. म्हणजे गाणं खरंच होतं! एआयनं निदान तेवढा तरी प्रामाणिकपणा दाखवला होता.

“ह्यास्नी तर पाठ हाय की!” आत्या म्हणाली. “म्हातारपण लई वंगाळ, बाबा.”

सर हसले नाहीत. त्यांनी प्रबंध मांडीवर घेऊन सही केली. मग निशिगंधाच्या हातात मोबाईल देऊन झुंबरबाईशेजारी बसून फोटो काढून घेतले. एक समोरून, एक बाजूनं, एक मागं ऊस दिसेल असा.

“आता चहा चालेल,” ते म्हणाले.

निशिगंधा उड्या मारतच स्वयंपाकघरात गेली. पातेल्याचा आवाज आला तसे सर खुर्ची ओढून आत्याजवळ सरकले.

“बाई, तुम्ही मूळच्या कुठल्या, ते मी विचारत नाही,” ते हळूच म्हणाले. “पुढच्या महिन्यात माझ्या पीएच.डी.ची चौकशी बसतेय. त्या लोकांसमोर एवढंच गायचं. पुढच्या दोन ओळी मात्र नीट पाठ करा. तीस वर्षांपूर्वी घरी खुर्चीत बसून झुंबरबाई बनवली, तेव्हा त्या जुळवायला मला फार त्रास झाला होता.”