एक नंबरने मोठी चप्पल
माझ्या मानसोपचारतज्ज्ञ मॅडम लेकीच्या बाळंतपणासाठी सोमवारपासून दोन आठवडे मनमाडला जाणार म्हणाल्या आणि माझं डोकं फिरलं. बॉर्डरलाइन पर्सनॅलिटीवाल्यांचं असंच असतं. कुणी चार दिवस गावाला निघालं तरी आम्हाला वाटतं, सोडूनच चाललं. ‘परत तुमचं तोंड बघणार नाही,’ असं ओरडून मी दवाखान्यातून निघाले. आधीचे तीन डॉक्टर मी असेच सोडले होते. सातपूरच्या बसमध्ये चढताना चप्पल पायातून निसटली तेव्हा कळलं, दाराबाहेरून मी मॅडमची जोडी घालून आले होते, एक नंबरने मोठी. तीन दिवस ती कॉटखाली ढकलून ठेवली. चौथ्या दिवशी पिशवीतून नेऊन गुपचूप दारात ठेवणार होते, तर तिथे माझी जोडी दिसली. तिचा कधीचा तुटलेला अंगठा पक्का शिवलेला होता. ‘तुझीच घालून फिरतेय,’ मॅडम आतून म्हणाल्या. ‘टाच बाहेर राहते. तुटक्या अंगठ्याने चालवेना, म्हणून शिवून घेतला.’ ‘तुम्ही रागावला नाहीत?’ ‘रागावले ना. आत ये, सांगते.’ तासभर त्या बोलल्या, मी बोलले, आणि या वेळी मी मधेच उठून गेले नाही. निघताना त्या म्हणाल्या, ‘दे माझी जोडी.’ ‘परत आलात की,’ मी म्हटलं. मॅडम खो खो हसल्या आणि हसता हसता मीही. त्यांची चप्पल फटक फटक वाजवत मी बसस्टॉपपर्यंत गेले, आणि माझी मॅडमच्या नातवंडाला बघायला मनमाडला गेली.