एक तरी बुडबुडा

“पाण्याला घाबरणारा माणूस आयुष्यालाच घाबरत असतो,” साहेब म्हणाले. दुकानातली फरशी नुकतीच पुसलेली होती, म्हणून हे त्यांनी दोन्ही हातांनी काउंटर घट्ट धरून सांगितलं.

घड्याळजीने मान डोलावली. गिऱ्हाईक बोलत असलं की मान डोलवायची आणि हात चालू ठेवायचे, अशी त्याची पद्धत. हातात साहेबांचं घड्याळ होतं. परदेशी, जड, निळ्या तबकडीचं. निवृत्त झाल्यावर साहेबांनी ते मोठ्या हौसेने घेतलं होतं. घेतलं होतं सेकंडहँड, पण तो शब्द घरात उच्चारायला बंदी होती. तबकडीवर बारीक अक्षरांत लिहिलं होतं, ३०० मीटर. म्हणजे घड्याळ पाण्यात तीनशे मीटर खोल जाऊ शकत होतं. साहेब स्वतः बादलीपर्यंत गेले होते.

नोकरी मात्र पाणीपुरवठा खात्यात. अख्ख्या शहराला त्यांनी पाणी पाजलं आणि घरच्यांना पोहण्याच्या गोष्टी ऐकवल्या. पूर आलेली नदी, भोवरा, पाठीवर घेतलेला बुडता मित्र. दरवर्षी ती नदी थोडी रुंद होत गेली. आणि सून आली ती नेमकी पोहायला शिकवणारी. तिने सासू-सासऱ्यांची नावं तलावावर घालून टाकली. उद्या सकाळी पहिला दिवस.

“मी काय, आत्ता उतरलो असतो गं,” साहेब तिला म्हणाले होते. “पण हे घड्याळ मी हातातून काढत नाही. आणि शेवटी सेकंडहँड ते सेकंडहँड. आतलं रबर कधी बदललंय कोण जाणे!” बंदी घातलेला शब्द त्या दिवशी त्यांनीच पुन्हा पुन्हा वापरला.

“मग तपासून घ्या ना, बाबा,” सून म्हणाली. “पास झालं तर उतरायचं. नापास झालं तर मी पुन्हा विषय काढणार नाही.”

“हे उतरले की मीही उतरते,” बाईसाहेबांनी भाजी निवडता निवडता जाहीर केलं. आणि आज त्या स्वतःहून साहेबांबरोबर दुकानात आल्या होत्या.

तर साहेबांची सगळी अब्रू आता घड्याळातल्या एका रबरी कडीवर अवलंबून होती. ती कडी झिजलेली निघावी, एवढंच त्यांचं मागणं होतं.

घड्याळजीने यंत्र पुढे ओढलं. जाड काचेचं नळकांडं, निम्मं पाण्याने भरलेलं. घड्याळ त्याने आत पाण्याच्या वर टांगलं, झाकण आवळलं आणि पंपाने हवा भरायला घेतली.

“कुठे फट असली तर ही हवा दाबाने घड्याळात शिरणार,” तो म्हणाला. “मग घड्याळ पाण्यात सोडायचं आणि दाब कमी करायचा. शिरलेली हवा बाहेर पडते. बुडबुड्यांची माळ लागली की घड्याळ नापास.”

“जुनं आहे हो,” साहेब त्याला धीर देत म्हणाले. “अजिबात संकोच करू नका.”

“काळजी नको, साहेब. माल चांगला दिसतोय.”

“वरून दिसतो. आत काय आहे कुणाला माहीत?”

“हे मी लग्नापासून म्हणतेय,” बाईसाहेब म्हणाल्या.

घड्याळ पाण्यात गेलं. दाब हळूहळू उतरू लागला. तिघेही काचेवर वाकले.

“आला!” साहेब ओरडले.

“ती चेनच्या कड्यांत अडकलेली हवा. ती धरायची नसते.”

“तुम्ही फार उदार दिसता. आमच्या खात्यात एवढ्या गळतीवर चौकशी बसायची.”

“चौकशीत काय निघायचं?”

“गळती नाही, असं निघायचं,” साहेब बोलून गेले.

“थांबा,” बाईसाहेब एकदम म्हणाल्या. “चावीपाशी बघा. बारीक आहे, पण आहे. मला स्पष्ट दिसतोय.”

“वहिनी, नाक जरा मागे घ्या. काचेवर वाफ धरलीय.”

“वाफ नाही, बुडबुडाच आहे. तुम्ही चष्मा बदला.”

साहेबांनी बायकोकडे पाहिलं आणि त्यांना गहिवरून आलं. म्हणजे हिला सगळं ठाऊक आहे. आणि ठाऊक असूनही परक्यासमोर ही आपली बाजू लावून धरतेय, आपली लाज राखतेय! एवढ्या वर्षांच्या संसारात ही पहिलीच वेळ.

“खणखणीत पास,” घड्याळजीने घड्याळ पुसून त्यांच्या हातात ठेवलं. “खुशाल उड्या मारा.”

रस्त्यावर आल्यावर साहेब थांबले.

“हे बघ,” ते म्हणाले, “आता लपवाछपवी बास. मला पोहता येत नाही.”

“ते सगळ्यांना माहीत आहे. सुनेलाही. नाव उगीच नाही घातलं तिने.”

साहेबांनी हा घाव शांतपणे पचवला. “असू दे. तू आज माझ्यासाठी जे केलंस ना, त्यानंतर मी मागे हटणार नाही. उद्या उतरणार. बुडालो तर बुडालो!”

बाईसाहेब पदराच्या टोकाशी चाळा करू लागल्या.

“अहो, तुम्ही कसले उतरताय, म्हणून मी ‘मीही उतरते’ असं बोलून बसले होते,” त्या हळूच म्हणाल्या. “मला पाण्याची फार भीती वाटते हो. घड्याळ नापास झालं, एवढं घरी सांगाल का?”